मदत किती ते पेरणीआधी सांगा, मग विम्याचं विचारा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

शेतकऱ्यांनी पीक विम्याकडे पाठ फिरवली, अशा बातम्या यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या, खरिपापासून सतत वाचायला मिळतात. एक रुपयात विमा होता तेव्हा, २०२३ च्या खरिपात, राज्यातून सुमारे एक कोटी सत्तर लाख अर्ज आले. यंदा पदरचा हप्ता भरायची वेळ आली आणि अर्ज जवळपास निम्म्यावर आले. यावरून शेतकऱ्याला फुकटाची सवय लागली, असं लोक सहज बोलून जातात. मला हे मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर सांगावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी परंडा तालुक्यात सेवा केंद्र चालवते. विम्याचे अर्ज, अतिवृष्टीच्या अनुदानाची केवायसी, फार्मर आयडी, सातबारा, आठ अ, सगळं एकाच टेबलावर होतं. विम्याच्या एका अर्जामागे केंद्राला कंपनीकडून ४० रुपये मिळतात. म्हणजे लोकांनी विमा भरावा यात माझाही फायदा आहे, हे आधीच सांगते. पण विमा भरायचा की नाही हे माणूस कसं ठरवतो, ते माझ्या डोळ्यांसमोर घडतं. हप्त्याचे पैसे खिशात घेऊन आलेला शेतकरी खुर्चीवर बसतो, दोन-चार प्रश्न विचारतो, मग पैसे काढतो किंवा उठून जातो. ते दोन-चार प्रश्न रात्रभर विचार करून आणलेले असतात.

जुलैमध्ये आमच्या गावातले एक आप्पा आले होते. पाच एकर रान, निम्म्यात उडीद, निम्म्यात सोयाबीन. त्यांनी विचारलं, "ताई, इमा भरला तर काय मिळंल, तेवढं नीट सांगा."

मी सांगितलं. खरिपाच्या अन्नधान्य आणि तेलबिया पिकांना शेतकऱ्याचा वाटा दोन टक्के. हेक्टरी पन्नास हजारांची विमा रक्कम धरली तर हजार रुपये. भरपाई मात्र आता फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून मोजलेल्या सरासरीवर. आपल्या महसूल मंडळात, म्हणजे आजूबाजूच्या काही गावांत मिळून, त्या पिकाचं मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांचं सरासरी उत्पन्न काढायचं, त्याचे सत्तर टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. मंडळाची सरासरी त्याच्या खाली गेली, तर जेवढी घट तेवढ्या प्रमाणात सगळ्या मंडळाला पैसे. सरासरी हेक्टरी पंधरा क्विंटल असेल तर उंबरठा साडेदहा. मंडळात सातच क्विंटल निघालं तर घट एक तृतीयांश, म्हणजे पन्नास हजारांतले साडेसोळा हजारांच्या आसपास मिळतील. अकरा क्विंटल निघालं तर कुणालाच काही नाही.

"माझं रान वाहून गेलं आन् मंडळातल्या बाकीच्यांचं चांगलं आलं तर?"

"तर काही नाही, आप्पा."

"मागल्या साली तर फोटो टाकला का पैसे येत हुते."

येत होते, हे खरं. शेतात पाणी शिरलं, गारपीट झाली, की ७२ तासांत ॲपवर किंवा टोल फ्री नंबरवर नुकसानीची सूचना द्यायची, मग पाहणी होऊन त्या एकट्या शेताची भरपाई निघायची. २०२३ मध्ये पावसाचा मोठा खंड पडला तेव्हा पंचवीस टक्के अग्रिम मिळाली होती, तीही हंगामातली प्रतिकूल परिस्थिती या कलमाखाली. यंदा राज्याने एक रुपयाची योजना बंद केली, तेव्हाच ही दोन्ही कलमं काढली. पेरणीच न होणे आणि काढणीनंतर रानात पडलेल्या मालाचं नुकसान, ही दोन कलमंही त्याच वेळी गेली. एक रुपयाच्या काळात बीडसह अनेक जिल्ह्यांत सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर, न पेरलेल्या पिकांवर विमा उतरवला गेला. त्यात काही सेवा केंद्रंही सामील होती, याची आम्हा केंद्रचालकांना लाज वाटली पाहिजे आणि दोषींना शिक्षा झालीच पाहिजे. पण त्याची भरपाई म्हणून हप्ता वाढला आणि संरक्षण घटलं, ते प्रामाणिक माणसाचं. अर्ज निम्मे झाले ते फक्त हप्त्यामुळे, असं म्हणणारे हा दुसरा अर्धा भाग सांगत नाहीत.

आप्पांचा पुढचा प्रश्न या पत्राचा खरा विषय आहे. "आन् नाही भरला तर?"

मी म्हटलं, सरकारी मदत आहेच. तेहतीस टक्के किंवा जास्त नुकसान झालं तर कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार, दोन हेक्टरपर्यंत.

"तेरा हजार सहाशे हुतं की."

"मे महिन्यात कमी केलं, आप्पा."

"वाढवत्याल. पाणी लई झालं तर वाढवत्यालच, सरकार गप बसत नसतंय." एवढं बोलून ते उठले. विमा भरला नाही.

सप्टेंबरमध्ये सीना, चांदणी आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांनी आमच्या तालुक्यात काय केलं ते आपल्या वाचकांनी पाहिलं आहे. लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. जनावरं दावणीला बांधलेली गेली. जिथे काळी माती होती तिथे आज दगड-गोटे आहेत. ७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मर्यादा दोनवरून तीन हेक्टर झाली, आणि साडेआठ हजारांवर रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी दहा हजार जादा मिळून कोरडवाहूचा आकडा साडेअठरा हजार झाला. आप्पा जे जुलैमध्ये म्हणाले ते ऑक्टोबरमध्ये खरं ठरलं.

आप्पांच्या बांधाला बांध असलेल्या त्यांच्या चुलतभावाने विमा भरला होता. मदत दोघांना सारखीच. विम्याचं काय, तर मंडळाचे आकडे आल्यावर कळेल. पॅकेज जाहीर करताना, विमा काढलेल्या ४५ लाख शेतकऱ्यांना हेक्टरी सतरा हजारांपर्यंत विम्याचे मिळतील, असंही सरकारने सांगितलं. तेव्हा कापणी प्रयोगांचे आकडे यायचे होते. ते पैसे मिळाले तर चुलतभावाने शहाणपणा केला असं गाव म्हणेल. नाही मिळाले तर पुढच्या जुलैमध्ये तोही माझ्या टेबलावर येणार नाही, आणि त्याला समजावायला माझ्याकडे काही उरणार नाही.

मी मदतीच्या विरोधात नाही. असं कुणी वाचलं तर मला फार वाईट वाटेल. पुराच्या पाण्यात उभा असलेला माणूस मी पाहिला आहे, त्याला आधी विमा होता का असं विचारणं क्रूर आहे. माझं म्हणणं एवढंच की मदतीचा आकडा इतका वरखाली होतो की त्यावर कुठलाच हिशेब उभा राहत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याने केंद्र सरकारच्या निकषांच्या दुप्पट मदत द्यायचं ठरवलं, हेक्टरी ६,८०० चे १३,६०० झाले, मर्यादा तीन हेक्टर. २०२३ मध्ये राज्याने केंद्राचा नवा ८,५०० चा दर लागू केला. जानेवारी २०२४ मध्ये राज्याने पुन्हा १३,६०० आणि तीन हेक्टर केलं. मे २०२५ च्या अखेरीस परत ८,५०० आणि दोन हेक्टर. ऑक्टोबरमध्ये परत तीन हेक्टर, वर बियाण्याचे दहा हजार. बागायतीचे आणि फळबागांचे दर याच चालीने हललेले आहेत. हजार रुपयांचा हप्ता भरावा की नाही हे ठरवायला, न भरल्यास हातात काय पडेल हे माहीत असायला हवं. ते सरकारलाच जुलैमध्ये माहीत नसतं. मग लोक अंदाज बांधतात: पाऊस किती पडेल, शेजारच्या जिल्ह्यातही पडेल का, निवडणुका जवळ आहेत का, पेपरात फोटो येतील का. एकट्याचं नुकसान झालं तर कुणी विचारत नाही, सगळ्यांचं झालं तर पॅकेज येतं, हे आमच्याकडे लहान मुलालाही पाठ आहे. म्हणून माणूस स्वतःच्या रानाची जोखीम मोजायच्या ऐवजी संकट किती मोठं दिसेल ते मोजत बसतो.

आणि ज्या वर्षी अंदाज चुकतो त्या वर्षीचं कुणी लिहीत नाही. एखाद्याच मंडळात गारा पडतात, ओढा एखाद्याच शिवारात फुटतो. पॅकेज येत नाही. पंचनामा झाला तर मूळ दराने पैसे येतात, तेही पेरणीचा हंगाम उलटून गेल्यावर. यंदासुद्धा, इतकं मोठं पॅकेज असताना, दिवाळी झाल्यावर लोक माझ्याकडे आपलं नाव यादीत आलं का, व्हीके नंबर (मदतीच्या यादीतला विशिष्ट क्रमांक) पडला का, विचारत येत होते. फार्मर आयडी असलेल्यांना केवायसीतून सूट मिळाली हे चांगलं झालं, पण सामायिक खात्याची भांडणं आणि मयताच्या नावावर राहिलेले सातबारे तसेच अडकले. एका हेक्टरचं बियाणं, खत, फवारण्या, खुरपणी आणि काढणी ज्याने केली आहे, त्याला साडेअठरा हजारांत काय भागतं ते ठाऊक आहे. त्यातले दहा हजार तर पुढच्या पेरणीचे.

नदीकाठच्या लोकांची अडचण आणखी वेगळी. आमच्याकडे सीनेच्या काठाला ऊस आहे, आणि खरिपाच्या विमा यादीत ऊस नाहीच. ज्याचा ऊस आठ-आठ दिवस पाण्यात राहिला, त्याला विमा भरला नाहीस असं म्हणायची सोयच नाही. त्याच्या वरच्या अंगाला सोयाबीन असलेल्याने विमा भरला असता तरी एकट्या शेतात पाणी शिरल्याची भरपाई यंदा नव्हती. म्हणजे पूर हीच ज्यांची सगळ्यात मोठी भीती, त्यांच्यासाठी नेमकं तेच संरक्षण काढून घेतलेलं होतं. त्यांनी सरकारी मदतीवर भरवसा ठेवला यात मला आळस दिसत नाही. त्यांच्याकडे दुसरा दरवाजा नव्हता. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं आहे की २०२६ च्या खरिपापासून रानटी जनावरांनी केलेलं नुकसान आणि भाताच्या शेतात साचलेलं पाणी विम्यात येईल. हरणं आणि रानडुकरं आमच्याकडेही आहेत, त्यामुळे पहिल्या गोष्टीचं स्वागत. पण दुसरी भाताची आहे. आमच्या उडीद-सोयाबीनचं काय, ते राज्याने सांगायचं आहे.

बटईने करणाऱ्यांचं तर कुणी नावच घेत नाही. माझ्या ओळखीची एक वहिनी नवरा गेल्यापासून दुसऱ्याचं रान निम्म्या वाट्याने करते. विमा भरायला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि मालक तो करून देणार नाही, कुळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, ही भीती त्याच्या मनातून जात नाही. मदत सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याच्या खात्यात जाते. बियाण्याचे पैसे तिने घातले, पीक तिचं गेलं, आणि दोन्ही बाजूंनी तिच्या हातात काही नाही. म्हणूनच 'विमा असेल त्यालाच मदत द्या, मग बरोबर भरतील' असा जो उपाय अलीकडे ऐकू येतो, तो मला धोक्याचा वाटतो. विमा ज्यांना घेताच येत नाही अशी माणसं आधी त्यात चिरडली जातील.

कर्जमाफीचंही तसंच. २०२० च्या खरिपापूर्वी कर्जदार शेतकऱ्याला विमा सक्तीचा होता. आता ऐच्छिक आहे, तरी नको म्हणून लेखी दिलं नाही तर पीक कर्ज देताना बँक हप्ता कापून घेते. म्हणजे कर्ज नवं-जुनं होत राहिलं, जुनं फेडून नवं घेत राहिलं, तर विमाही आपोआप होत राहतो. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी सरकारने सांगितलं की कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत होईल. नवं-जुनं करायची वेळ मार्चअखेर. निर्णय जूनअखेर. मग मार्चमध्ये कोण भरणार? २०१७ च्या कर्जमाफीत दीड लाखाची मर्यादा होती, २०१९ च्या कर्जमाफीत दोन लाखांची, आणि दर वेळी नियमित भरणाऱ्याला वेगळा, कमी हिस्सा मिळाला. लोकांनी हे लक्षात ठेवलं आहे. आमच्याकडे आजच कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीत पैसे भरायचे थांबले आहेत. थकबाकी राहिली की नवीन पीक कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून कापला जाणारा विमा नाही, आणि सावकाराच्या पैशाने पेरलेल्या पिकाला कुठलंच कवच नाही. कर्जमाफी द्यायची तर जरूर द्या, माझ्या माहेरीही कर्ज आहे. पण आठ महिने टांगून ठेवलेली कर्जमाफी पुढच्या खरिपाचा विमा आत्तापासून मारते आहे, हे कुणीतरी बोललं पाहिजे.

आता पंचनाम्याबद्दल, कारण यावर मला सगळ्यात जास्त राग आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टी झाली. आमच्या जिल्ह्यात महसूल आणि कृषी खात्याने पंचनामे केले, सरकारी मदत त्यावर वाटली गेली. तेच नुकसान विम्यासाठी मात्र धरलं गेलं नाही, कारण हजारो शेतकऱ्यांनी ७२ तासांत कंपनीला कळवलं नव्हतं. वीज नाही, रेंज नाही, रस्ते बंद, आणि कळवायचं कसं? त्यासाठी धाराशिवच्या शेतकऱ्यांना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला, तरी पैशासाठी तिष्ठणं संपलं नाही. एका शेताचं एकच नुकसान, सरकारच्या कागदावर खरं आणि विम्याच्या कागदावर झालंच नाही. त्या वर्षी हप्ता भरलेल्या माणसाने मदत आणि विमा यांची तुलना केली नसेल का? मदत कमी मिळाली पण मिळाली. विम्यासाठी कोर्टात जावं लागलं. माझ्या टेबलावर 'इमा कोर्टात भांडून घ्यायचा असतोय' असं म्हणणारी माणसं आजही येतात.

म्हणून माझ्या मागण्या सरकारकडे आहेत, आणि आपल्या वृत्तपत्राने त्या लावून धराव्यात अशी विनंती आहे.

नैसर्गिक आपत्तीच्या मदतीचे दर आणि क्षेत्राची मर्यादा एकदा ठरवून किमान तीन वर्षं हलवू नयेत. आपत्ती फारच मोठी असेल तर त्यावर जादा द्यायला कुणाची हरकत नाही, पण खालची पायरी पेरणीआधी पक्की असू द्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा: एवढं मिळेल, एवढ्याच क्षेत्राला, एवढ्या दिवसांत. त्याच फलकावर आपल्या मंडळाचं प्रत्येक पिकाचं उंबरठा उत्पन्न आणि मागच्या पाच-सात वर्षांत प्रत्यक्ष किती निघालं तेही लिहा. आज हे आकडे शेतकऱ्याला माहीत नसतात, मलाही शोधून काढावे लागतात. ते समोर असले तर आपल्या मंडळात विमा किती वेळा लागला असता हे आप्पांसारखा माणूस स्वतः पाहील. तो अडाणी नाही, त्याला आकडे दिलेले नाहीत.

एकट्या शेताच्या नुकसानीचं कलम परत आणा. सगळ्यांना परवडत नसेल तर वेगळ्या, आधी जाहीर केलेल्या हप्त्यावर ज्याला हवं त्याला द्या. सीनेच्या काठावरचा शेतकरी त्यासाठी दोनशे-तीनशे रुपये जादा भरेल, हे मी माझ्या टेबलावरच्या अनुभवाने सांगते. मला जुलैमध्ये सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न तोच होता.

आणि पंचनामा एकच करा. ग्राम महसूल अधिकारी (म्हणजे तलाठी), कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर जाऊन सही करतात, तो कागद मदतीला चालतो तर विम्यालाही चालला पाहिजे. एकट्या शेताचं कलम परत आलं तर ७२ तासांची अट पूर आलेल्या मंडळात आपोआप शिथिल व्हावी, त्यासाठी कुणाला खंडपीठात जावं लागू नये.

यंदाच्या, २०२५-२६ च्या रब्बीत ज्वारीच्या विम्याची मुदत ३० नोव्हेंबर आहे, गहू आणि हरभऱ्याची १५ डिसेंबर. ज्यांच्या रानातलं पाणी उशिरा हटलं त्यांची ज्वारी अजून पेरायची आहे, आणि जे पेरून मोकळे झालेत ते मला विचारताहेत की खरिपाच्या मंडळाचा आकडा आला का, तो बघूनच रब्बीचा हप्ता भरतो. तो आकडा माझ्याकडे नाही. कृषी विभागाने मंडळनिहाय कापणी प्रयोगांचे निष्कर्ष जसे तयार होतील तसे जाहीर करावेत, आणि पुढच्या खरिपाची विमा अधिसूचना व मदतीच्या दरांचा शासन निर्णय दोन्ही एप्रिलमध्ये, सोसायट्या कर्जवाटप सुरू करण्याआधी, एकाच दिवशी काढावेत.

कळावे,

आपली,
सेवा केंद्र चालवणारी एक वाचक
ता. परंडा, जि. धाराशिव